आक्कांचं ‘झ्याक हाय’

आक्कांना जगात काहीच पसंत पडायचं नाही. आमच्या कॉलेजातला चहा म्हणजे “भांडं इसळल्यालं पानी”, लिफ्ट म्हणजे “कोंबड्यांचं खुराडं”, आणि माझी वेणी बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “आईनं शिकवलं न्हाय व्हय गं?” मला रागही आला आणि हसूही.

गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचा, हा आक्कांचा धंदा. कडबाकुट्टीच्या यंत्रात उजवा हात कोपरापासून गेला. त्यांची चंद्री म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना, आणि आक्कांच्या एका हाताला पुरता पान्हा सोडेना. म्हशी घेणारा व्यापारी दारात येऊन बसायचा. त्याला आक्का सांगायच्या, “हात येनार हाय माझा. मग बघू.”

तो हात म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला. कृत्रिम हात बनवण्याआधी त्याचे नमुने आम्ही व्हीआरच्या चष्म्यात दाखवायचो. उरलेल्या दंडाला पट्टा बांधला, की स्नायूंच्या हालचालीवर चष्म्यातला हात मूठ वळायचा, उघडायचा. हात गमावलेल्या माणसांनी तो वापरून बघायचा आणि काय खटकतं ते सांगायचं. यातून कुणाला हात मिळणार नाही, तो बनायला वर्षं लागतील, हे मी आक्कांना सुरुवातीलाच समजावलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

पण एवढी तोंडाळ बाई चष्मा लावला की मवाळ व्हायची. पहिला नमुना? “झ्याक हाय.” दुसरा? “ह्यो बी झ्याक.” चष्म्यातल्या हातातून पेला निसटून पडला तरी, “माझंच चुकलं गं.”

“आक्का, नावं ठेवा की! त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला,” मी वैतागून म्हणाले.

“आनि नावं ठिवली म्हून ह्यो हात दुसऱ्या कुनाला दिला तुमी तर?”

मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. त्या मान हलवण्याची मला धास्तीच बसली.

मग मी त्यांच्यासाठी चष्म्यात एक म्हैस उभी केली. आक्का फरशीवरच उकिडव्या बसल्या. “थांब गं बाई, चंद्रे,” म्हणत दोन्ही हातांनी धार काढत राहिल्या. चष्मा उतरवला तेव्हा गाल ओले होते. “निघती की गं धार!” म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी व्यापाऱ्याला हाकलून दिलं. ते मला मागाहून कळलं.

पुढच्या खेपेला आक्का आल्या. चष्मा लावला आणि सुरू झाल्या. “ह्यो हात हाय का चिमटा? आंगठा लुळा हाय. आनि ह्यो दुसरा? मूठ वळतुया, पिळत न्हाय. सड तुटंल म्हशीचा! एक बी बरा न्हाय तुमचा.” मी भराभर लिहून घेत होते. इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“आक्का, हे आधी का नाही सांगितलंत?”

त्यांनी दाताने पट्टा सोडला. “चंद्री इकली काल. कास सुजून तट्ट झालती. मुक्या जनावराला किती दिस थांब म्हनायचं?”

एकदा पुन्हा ‘झ्याक हाय’ म्हणा, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मी चहा घेऊन आले. आक्कांनी तो सगळा प्यायला, पेला खाली ठेवला आणि चहाला काही नावं ठेवली नाहीत.