आठवा बिट

सरांचा फोन आला तेव्हा मी लातूरला प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, म्हणून नांदेडचं पहिल्या मजल्यावरचं घर सोडून ते आणि काकू मुलीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला जाणार होते. माळा रिकामा करताना त्यांचा जुना कॉम्प्युटर निघाला होता. "तुझ्या पॉलिटेक्निकात पोरांना दाखवायला लागत असंल तर घेऊन जा," ते म्हणाले. "न्हाई तर भंगारवाला हायेच."

मी सरांची विद्यार्थिनी. डिप्लोमाला असताना त्यांनी आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि आता मी तेच शिकवते. तो कॉम्प्युटर मी एकदा पाहिला होता, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. सरांनी तो सुट्या भागांतून स्वतः जुळवला होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. एका सरकारी कचेरीनं लिलावात काढलेलं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड एवढंच असलेलं एक जड खोकं, त्यांनी आणलं होतं आणि ते जाड केबलनं कॉम्प्युटरला जोडलं होतं. त्या टर्मिनलमध्ये देवनागरी अक्षरांची चिप होती. मराठी टाइपरायटरवर बोटं बसलेल्या माणसाला तशाच बोटांनी कॉम्प्युटरवर लिहिता यावं, असा प्रोग्रॅम सरांनी लिहायला घेतला होता. त्यात त्यांचं दीडेक वर्ष गेलं असावं.

मग कॉलेजात तो दाखवायचं ठरलं. संस्थेचे तीन जण आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले. इंग्रजी मजकूर पडद्यावर स्वच्छ उमटला. सरांनी मराठी सुरू केली आणि पडदा निरर्थक इंग्रजी अक्षरांनी, कंसांनी, प्रश्नचिन्हांनी भरून गेला. सरांनी केबल काढून लावली, यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. पाहुण्यांतले एक जण म्हणाले, "ही कुठली भाषा म्हणायची, सर?" मागच्या बाकांवर आम्ही हसलो. मीही हसले. सरांनी पडदा बंद केला आणि पुढं चहा झाला. त्यानंतर ते यंत्र कॉलेजात दिसलं नाही, आणि सरांनी त्याचा विषयही काढला नाही.

रविवारी मी पहिल्या बसनं निघाले. पिशवीत मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान आणि बारीक पेचकस होते. चाकूरला बस भरली, अहमदपूरला थोडी रिकामी झाली, लोह्यानंतर मला झोप लागली. नांदेडला उतरले तेव्हा साडेनऊ वाजले होते.

काकूंनी दार उघडलं. काकू जिल्ह्याच्या कचेरीत मराठी टायपिस्ट होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. माहेर उदगीरचं. कमी बोलतात, पण बोलतात ते थेट. "जेवूनच जायचं," त्या म्हणाल्या आणि खोलीकडे बोट दाखवलं. खोलीभर खोकी बांधून ठेवली होती. मधोमध टेबलावर ते यंत्र पुसून मांडलेलं होतं. भंगारात द्यायच्या वस्तूला कुणी इतकं पुसत नाही, हे मला तेव्हाच दिसलं.

"चालू करून पाहिलं का, सर?"

"कशाला? न्यायचं ते ने."

पण मी पेचकस काढल्यावर ते खुर्ची ओढून जवळ बसले.

आतली धूळ काढली, दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि वीज दिली. पंखा फिरला. पडद्यावर काही वेळानं हिरवे ठिपके आणि चौकोन सांडल्यासारखे उमटले. ही नेहमीची गोष्ट. दोन्हीकडचा वेग जुळत नसला की अक्षरांचा असाच चुरा होतो. एक जण भराभर बोलतोय आणि दुसरा सावकाश ऐकतोय, असा प्रकार. सर म्हणाले, "बाराशे ठेव." बाराशेवर चौकोन आले. चोवीसशेवर आणखी चौकोन. शहाण्णवशेवर पहिल्यांदा इंग्रजी शब्द दिसले, पण अधूनमधून फाटलेले. केबल हलवली की फाटणं वाढायचं. कनेक्टर उघडला तर अर्थिंगच्या तारेचा टाका सुटलेला होता. तो सरांनीच पूर्वी घातलेला टाका होता. मी नवा घालू लागले तेव्हा त्यांनी माझ्या हातातून सोल्डरिंग आयर्न घेतलं. टाका चांगला बसला.

मग इंग्रजी स्वच्छ झालं. सरांची जुनी फ्लॉपीही वाचली गेली, याचं मला जास्त नवल वाटलं. तिच्यावर प्रोग्रॅमच्या चार-पाच फाइली होत्या आणि एक चाचणीची. चाचणीची उघडली. पडदा भरला:

LQZ 3ZQ 2Oh?O

आणि पुढं दहाबारा ओळी तसल्याच.

"हेच," सर म्हणाले. "हेच येत होतं. केबल बरोबर, वेग बरोबर, इंग्रजी बरोबर. म्हणजे चूक माझ्या प्रोग्रॅममधीच. चारदा नव्यानं लिहिला मी तो. चौथ्यांदा तर कॉलेजात दाखवायच्या आदल्या रात्री, तपासायला वेळच न्हाई मिळाला."

मलाही काही सुचत नव्हतं. वेगाची चूक असती तर इंग्रजीही बिघडलं असतं. केबलची असती तर दर वेळी वेगळा कचरा आला असता. हा कचरा दर वेळी अगदी तोच होता. फाइल तीनदा उघडली, तिन्ही वेळा एकेक चिन्ह जिथल्या तिथं.

काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. बशी ठेवताना त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"हा झेड लई येतोय."

"यायचाच, काकू. काही अर्थ नाही त्याला."

"अर्थ नसंल तर सगळी अक्षरं सारखीच आली पाहिजेत ना? हा एकटाच सारखा सारखा काऊन येतो?" त्यांनी बोटानं मोजल्यासारखं केलं. "काना हाय तो. आमच्या मशीनवर सगळ्यात आधी कान्याची कळ गुळगुळीत व्हायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. दर दोन-तीन अक्षरांमागं एकदा तरी दाबावी लागते."

मी पडद्याकडे पाहिलं. शब्दाच्या सुरुवातीला झेड कुठंच नव्हता. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागी, किंवा शेवटी. काना तिथंच असतो.

त्यानंतर पाचेक मिनिटांत उलगडा झाला. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आठ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ खुणांत पाठवत होता. टर्मिनल त्यातले सातच घेत होतं आणि आठवा तपासणीचा समजून टाकून देत होतं. इंग्रजीला सात पुरतात. त्या काळच्या मराठी अक्षरसंचात प्रत्येक अक्षराची ओळख त्या आठव्यावर होती. तो गेला की कान्याचा झेड होतो, 'क'चा तीन होतो, 'म'चा एल. मी कागदावर सगळ्या आकड्यांचा हिशेब मांडून सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता?"

"पहिल्यापासून बरोबर होता, सर."

"मग टर्मिनलमधी कुठंतरी हे बदलायची सोय असंल."

टर्मिनलसोबत माहितीपुस्तिका आलेली नव्हती. आम्ही ते उलटं केलं. मागं पत्र्याची एक पट्टी होती आणि तिच्यावर त्या कचेरीचा जडसंग्रहाचा, म्हणजे सामानाच्या नोंदीचा, क्रमांक रंगवलेला होता. रंग स्क्रूंवरून गेला होता, त्यामुळं ती पट्टी निघते हेच दिसत नव्हतं. रंग खरवडला, स्क्रू काढले. आत नखाएवढे आठ खटके होते.

सर उठून उभे राहिले. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. "अगं ऐकलंस का, प्रोग्रॅम बरोबर होता!"

काकू दारातच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही. त्या पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे पाहत होत्या, आणि एकेक अक्षर जुळवल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. "आता झालं ना समजून," त्या म्हणाल्या. "ती फाइल राहू द्या. दुसरं काहीतरी टाइप करून बघा."

"दुसरं कशाला? हीच तर चाचणी हाय."

"टायपिंगचे धडे हायेत त्यात. काय वाचायचं त्यात?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना ती फाइल उघडायला नको आहे, हे मला कळलं होतं. मी थांबू शकले असते. फ्लॉपी खराब झाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मलाही पडद्यावर मराठी पाहायची होती. मी एकेक खटका बदलून पाहू लागले. तिसऱ्या खटक्यावर पडदा पुसला गेला आणि फाइल उघडताच ठिपक्याठिपक्यांची, जरा बुटकी, पण स्पष्ट देवनागरी अक्षरं उमटली.

सर मोठ्यानं वाचू लागले. वर्गात उत्तर बरोबर आलं की वाचायचे त्याच आवाजात.

"मला काल ऑर्डर मिळाली. बढती आहे. वरिष्ठ लिपिक, किनवट. आठ दिवसांत हजर व्हायचं आहे. ऑफिसातल्या बायका पेढे मागतात. मी घरात सांगितलेलं नाही."

इथं त्यांचा आवाज खाली आला. पुढचं त्यांनी मनात वाचलं. मीही वाचलं, कारण ते समोरच होतं.

"मुलगी चौथीत आहे. यांचं हे मशीन चालू आहे. सांगितलं तर हे जा म्हणतील, आणि जा म्हणतानाचा यांचा चेहरा मला बघायचा नाही. मला जायचं आहे. रोज सकाळी वाटतं की जावं. उद्या नकार लिहून देणार. हे शेजारी बसलेत आणि काहीही टाइप कर म्हणतात. पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात, म्हणून लिहिते आहे."

काकू परत आल्या होत्या. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या.

"हे कवाचं?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच बसवलं होतं टाइप करायला. कॉलेजात दाखवायच्या आधी."

"तू म्हणालीस, टायपिंगचे धडे लिहिले."

"तसंच म्हणाले."

"आणि नकार?"

"दिला. दुसऱ्या दिवशी."

सर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला इचारायचं तर."

"इचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"हाव. तेच लिहिलंय की तिथं."

मी पेचकस पिशवीत भरू लागले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रडलं नाही. काकूंनी थंड झालेले पोहे आत नेऊन गरम करून आणले आणि आम्ही तिघांनी ते खाल्ले. खाताना सरांनी विचारलं की जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवटला, तेव्हा खोली मिळाली असती का. काकू म्हणाल्या, मिळाली असती, त्यांच्याच ऑफिसातली एक बाई तिथं राहून नोकरी करत होती. पोरीचं काय केलं असतं, असं सरांनी विचारलं. उदगीरला आईकडं ठेवायची किंवा सोबत न्यायची, दोन्ही विचार करून झाले होते, असं काकू म्हणाल्या. त्या सगळं अशा सांगत होत्या की जणू तो कागद अजून टेबलावर पडून आहे आणि फक्त सही राहिली आहे.

पोहे झाल्यावर सर पुन्हा टर्मिनलपाशी गेले. खटका खाली केला, फाइल उघडली: चिन्हं. वर केला: मराठी. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. दीड वर्षाचं काम, चारदा लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्या दिवशी मागच्या बाकांवर आम्ही हसलेलो, यातलं ते काय आठवत होते मला माहीत नाही. मी त्या हसण्याबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. त्यांनी हातानंच थांबवलं. "पोरं हसतातच गं. माझंच चुकलं. इंग्रजी नीट दिसलं की मला वाटायचं, रस्ता साफ हाय."

"पुरे करा आता," काकू म्हणाल्या. "खटका तुटंल."

दुपारी जेवून मी यंत्र रिक्षात आणि मग बसमध्ये घातलं. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडलं आणि काय आहे ते विचारलं. जुना टीव्ही आहे, असं मी सांगितलं. फ्लॉपी मी नेली नाही. काकूंनी ती यंत्रातून काढून मागितली आणि सरांनी ती त्यांच्या हातात दिली. प्रोग्रॅमच्या फाइलींची प्रत मी दुसऱ्या फ्लॉपीवर आधीच करून घेतली होती. चाचणीच्या फाइलीची केली नव्हती.

आता ते टर्मिनल आमच्या लॅबमध्ये आहे. विद्यार्थ्यांना मी आधी सात बिटांवर ठेवून दाखवते आणि चूक कुठं आहे ते शोधायला सांगते. बहुतेक जण प्रोग्रॅमपासून सुरुवात करतात. एका मुलीनं मात्र पहिल्याच तासाला झेड मोजले.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. नव्या घरात सामान लागलं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, परवा दोघं किनवटला जाऊन आलो, रेल्वेनं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

"सरांनी नेलं?"

"तेच म्हणाले चल. मी म्हटलं, आता काय बघायचं तिथं. तरी गेलो. कचेरीसमोर उभं राहिलो जरा. शिपाई इचारायला लागला, काय काम हाय? हे म्हणाले, काही काम न्हाई. मग समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली."

"कसं वाटलं, काकू?"

"झाडं लई हायेत. हवा चांगली हाय." मग त्या म्हणाल्या, "राहिले असते मी तिथं."

मागून सरांचा आवाज आला, पाण्याचा नळ सुरू झालाय. काकूंनी फोन ठेवला.