रुपचंद मिस्तरींची मुदत

रुपचंद मिस्तरींचा उजवा हात लकव्याने गेला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एका घराची भिंत ओळंब्यात घेताना. धुळ्याच्या डॉक्टरांनी वच्छलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, रोज सकाळी बोटं उघडायची आणि मिटायची. जे परत यायचं ते बहुतेक वर्षभरात येतं, पुढे फारसं नाही. बाईंनी ते नवऱ्यालाही सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं.

शिंदखेड्याच्या कडेचं हे दोन खोल्यांचं घर मिस्तरींनीच बांधलेलं. पूर्वेच्या खिडकीतून पहिलं ऊन समोरच्या भिंतीवर पडे. घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने खुणावलं आणि बाईंनी उन्हाच्या कडेला पेन्सिलीने उभी रेघ ओढली. वर्ष भरलं की ऊन पुन्हा इथे येणार. तोवर मुदत.

ऊन रोज बोटभर उत्तरेला सरकत गेलं. मार्गशीर्षात ते स्वयंपाकघराच्या चौकटीवर पोहोचलं. सूर्य सात वाजून गेले तरी वर येईना. बाई तेल कोमट करून एकेक बोट सोडवत. पौषात अंगठा हलला. जरासाच, पण हलला.

शेजारचे मगननाना बघायला आले. "मिस्तरी, आते थापी धरा. मन्ही न्हाणी दोन वरीसपासून गळी ऱ्हायनी."

"ती मी बांधेल नई," दुसऱ्याच्या कामाचा दोष झटकत मिस्तरी जड जिभेने म्हणाले. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

संक्रांतीनंतर ऊन मागे फिरलं. शिवरात्र झाली आणि एका सकाळी ते नेमकं रेघेवर आलं. मिस्तरींनी हात ओढून घेतला.

"वरीस व्हयनं."

"कसानं वरीस? आजून होळी बी नई."

त्यांनी रेघ दाखवली. धुळ्याहून मुलगी नूतन कॅलेंडर घेऊन आली. "आबा, पाचच महिने झालेत. सूर्य जाताना एकदा येतो, परतताना एकदा."

"रेघ खोटी नई," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जन्मभर घरमालकाच्या शब्दापेक्षा दोरीवर विश्वास ठेवलेला माणूस. डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळ्यांनी धरलं. हात गोधडीच्या बाहेर आलाच नाही.

चैत्र, वैशाख गेले. आता सहाच्या आतच उजाडे आणि ऊन दक्षिणेच्या कोपऱ्यात जाऊन बसे.

ज्येष्ठात त्यांच्या हाताखाली शिकलेला स्वप्नील आला. चहा पिताना भिंतीकडे बघत म्हणाला, "मिस्तरी आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवायचे, अक्का. उन्हाची एक जागा वर्षातून दोनदा येते, म्हणून खिडकी ठरवताना दोन्ही वेळा बघायच्या."

तो गेल्यावर बाई खाटेशी बसल्या.

"तुमले ठाऊक व्हतं."

मिस्तरींनी हात गोधडीत आणखी आत ओढला. मग म्हणाले, "मी थकनू."

बाईंनी गोधडी बाजूला केली. मूठ लाकडासारखी आवळलेली. त्यांनी जोर लावला तेव्हा ते कळवळले, म्हणून त्यांनी सोडून दिलं. वर्ष भरायला चार महिने होते, पण मूठ उघडत नव्हती. तेव्हापासून त्या रोज सकाळी काडीला ओलं फडकं गुंडाळून मुठीत सारतात आणि तळवा पुसतात, आत कुजू नये म्हणून.