लाल दरवाजा, सात दिवे

"ताई, मशीन माह्यासमोरच उघडा. अन् स्क्रू मोजून ठेवा."

टेबलापलीकडे स्टूल ओढून बसलेला माणूस असं म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पंचेचाळिशीचा असावा. पांढरा शर्ट, बोटांच्या पेरांत काळी माती. भातकुलीकडचा शेतकरी, नाव गजानन. टॉवेलात गुंडाळून त्यानं टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम आणला होता. आमच्याकडे त्याला मशीन म्हणतात. तीस वर्षांत मला कुणी स्क्रू मोजायला सांगितलं नव्हतं.

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला, तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. आधी टीव्ही दुरुस्त केले. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले आणि लोक ते दुरुस्त करण्याऐवजी बदलायला लागले, तेव्हा मी गेमकडे वळले. आता चाळिशीतले बाप्ये येतात. येणाऱ्या नव्या गेमची तारीख त्यांना तोंडपाठ असते आणि हातात माळ्यावरून काढलेलं लहानपणचं मशीन असतं. दोन्हींवर सारखाच जीव.

मी संशयी आहे, हे कबूल करते. धंद्यानं केलं. मशीनवर चहा सांडलेला असतो, पोरानं आपटलेलं असतं, मेहुण्यानं उघडून पाहिलेलं असतं. पण काउंटरवर आलं की सगळ्यांचं एकच वाक्य, "आपोआप बंद पडलं." आपोआप काही बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. त्यात एकदा चोरीचा मोबाईल दुरुस्तीला घेतला म्हणून दोन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आले. तेव्हापासून मी वस्तूच्या आधी माणूस तपासते.

"कॅसेट कुठंय?" मी विचारलं. गेम ज्यात असतो ती प्लास्टिकची चपटी डबी म्हणजे कॅसेट. ती मशीनच्या खाचेत खोचायची.

"कॅसेट नाई."

"मग मशीन चालू झालं तरी खेळाल काय?"

"ते पाहू. तुमच्याकडची लावून चेक करा."

आता कॅसेटशिवाय मशीन दुरुस्त करून घेणारा माणूस म्हणजे चुलीशिवाय तवा घासून आणणारा. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मागे जुन्या टीव्हीत लाल पारा असतो आणि तो लाखोंना विकला जातो, अशी आवई उठली होती. तेव्हा असेच अनोळखी लोक जुनं सामान हुडकत यायचे. हा त्यातलाच असेल, असं वाटलं.

मी चार स्क्रू काढले आणि त्याच्यासमोर मोजून झाकणात ठेवले. आतले कॅपॅसिटर फुगले होते. कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवून सारखी सोडणारी छोटी डबी. जुनी झाली की पाझरते आणि मशीन मुकं होतं. तसं मी सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं.

"ताई, गेम जिथवर खेळला ते मशीनमधी राहते का कॅसेटमधी?"

"ह्या जातीच्या मशीनला कॅसेटमध्ये."

"अन् ते कॅसेट दुसऱ्या मशीनवर चालते?"

"तसंच मशीन मिळालं तर चालते."

त्याचा चेहरा पडला. "मंग त्यानं खेळून टाकलं असन," असं तो पुटपुटला. कुणी, ते सांगितलं नाही. मशीन ठेवून गेला. जाताना सांगून गेला की पुढच्या महिन्याच्या आत पाहिजे.

मी मशीन उलटं केलं. खालच्या बाजूला कर्कटकानं कोरलं होतं, ग. मं. अक्षर पोराचं. मधलं टिंब इतकं जोरात दाबलेलं की प्लास्टिकला भोक पडलेलं.

आठ दिवसांनी दुसरा माणूस आला. अकोल्याहून, सकाळच्या गाडीनं; तिकडं असलं काम कुणी करत नाही म्हणे. एका कॉलेजात लॅब असिस्टंट. इन केलेला शर्ट, चाळिशीचा, नाव मंगेश. त्यानं खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि त्यातून एक पिवळी कॅसेट. बस, एवढीच.

"ह्याच्यातला सेल बदलून पायजे. पण आतला सेव्ह जायले नाई पायजे."

हे काम जरा नाजूक असतं. अशा कॅसेटमध्ये घड्याळासारखा एक गोल सेल असतो. तुम्ही खेळ जिथवर आणला, ते तो सेल सांभाळतो. सेल मेला की सगळं पुसलं जातं. काढला तरी पुसलं जातं. मी कॅसेट उघडून मीटर लावला. तीन व्होल्टच्या जागी सव्वादोन. कधी मान टाकेल याचा नेम नव्हता.

"मशीन कुठंय तुमचं?"

"मशीन नाई."

माझा हात थांबला. कॅसेट बंद केली आणि पाठ पाहिली. कर्कटकानं कोरलेलं, ग. मं. तेच टिंब, तेच भोक.

"हे कोणाचं आहे?"

"आमचंच हाय."

"मं म्हणजे तुम्ही. मग ग कोण?"

"ते राहू द्या न ताई. तुमी सेलचं पाहा." मग म्हणाला, "अन् पहिले आत काय हाय ते पाहून सांगाल? पुसलं त नाई न कोणं?"

एकाकडे मशीन, एकाकडे कॅसेट, दोघंही आपलंच म्हणतात आणि दोघंही दुसऱ्याचं नाव घेत नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे ठाण्याचा बाक आला. कुणीतरी कुणाच्या घरातून उचललेलं आहे, अशी माझी खात्री झाली. मी मंगेशला सांगितलं की जोडायची पट्टी असलेला सेल मागवावा लागतो, कॅसेट ठेवून जा, शनिवारी अकराला या, आत काय आहे तेही तुमच्यासमोरच पाहू. तो गेल्यावर गजाननला फोन केला की मशीन झालं, शनिवारी अकराला या. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. चोर असेल तर समोरासमोर सापडू दे, असा माझा हिशेब.

शनिवारी गजानन आधी आला. मी त्याला चहा दिला. मंगेश पायरी चढला आणि तिथंच थांबला. गजाननचा कप बशीत आपटला.

"ह्याले तुमी बोलावलं?" दोघांनी मलाच विचारलं, थोड्या अंतरानं.

"हो. मशीन यांनी आणलं, कॅसेट यांनी. दोन्हींवर एकच खूण आहे. चोरीचं असेल तर मी हात लावणार नाही."

"चोरीचं काहून असन?" गजानन म्हणाला. "लहाना भाऊ हाय माहा."

मग हळूहळू कळलं. वडील गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, वाटण्या झाल्या. वाटणी करायला मामा बसले होते. माणूस इतका न्यायी, की कोणत्याच गोष्टीत कुणाला कमीजास्त होऊ देईना. पाण्याचा पितळी गुंड एकाला, त्याचं झाकण दुसऱ्याला. शिडी एकाला, ती टेकवायची भिंत दुसऱ्याला. तसं मशीन थोरल्याला आणि कॅसेट धाकट्याला. कागदावर सही झाली. घरात आता कुणाकडेही खेळ उरला नव्हता, हे त्या कागदावर कुणाला दिसलं नाही. पुढे बांधावरून बोलाचाली झाली आणि बोलणं बंद पडलं.

गेमचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. सगळं जपानी. मामांनीच मुंबईहून आणलेलं. हे दोघं त्याला घुबडवाला गेम म्हणायचे. घुबडाकडे दिवे असतात. एका लाल दरवाज्यापाशी पोचायचं आणि आत जायचं. पडलं की एक दिवा विझतो आणि उरलेले तेवढेच सेव्ह होतात. सगळे विझले की पहिल्यापासून. थोरल्याच्या दहावीच्या सुट्टीत दोघं त्या दरवाज्यापर्यंत पोचले होते. नियम एकच, दुसरा घरात नसताना खेळायचं नाही. मग एक शेतात गेला, दुसरा शिकायला अकोल्यात, आणि दरवाजा तसाच राहिला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याच घुबडाचा नवा गेम येणार होता. गजाननच्या मुलीनं मोबाईलवर दाखवला. मंगेशला कॉलेजातल्या पोरांनी. नव्याच्या आधी जुना संपवायचा, हे दोघांच्याही डोक्यात आपापलं आलं.

"मले माईत हाय," गजानन माझ्याकडे पाहत म्हणाला, "ह्यानं अकोल्यात मशीन घेऊन कधीचाच संपवला."

"मले माईत हाय," मंगेशही माझ्याकडेच पाहत म्हणाला, "कॅसेट माह्या हाती येयाच्या पहिले ह्यानं सेव्ह पुसला. मले कोरी कॅसेट देली."

दोघांत एक टेबल होतं आणि त्या टेबलावर सव्वादोन व्होल्टचा सेल. तो मेला असता तर कोण खरं, हे कधीच कळलं नसतं. दोघं आपापला संशय घेऊन म्हातारे झाले असते. मी वस्तू दुरुस्त करते. अशा कामाची मला सवय नाही.

हरवलेल्या वस्तूवर कुणी हक्क सांगितला, तर मी एक करते. आधी चिठ्ठीवर खूण लिहून घेते, मग वस्तू दाखवते. तेच केलं. दोघांना एकेक कागद दिला. गेम शेवटी कुठे होता, ते लिहा.

गजाननची चिठ्ठी, लाल दरवाजा, सात दिवे.

मंगेशची चिठ्ठी, लाल दरवाजा, सहा दिवे.

मी दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मी कॅसेट उचलली, तर मंगेशनं ती माझ्या हातून घेऊन तिच्यात फुंकर मारली. त्याच्याकडून गजाननने घेतली, त्यानंही मारली. फुंकरीतल्या ओलीनं आतल्या पट्ट्या गंजतात, हे मी आजवर हजारदा सांगितलं असेल. त्या दिवशी नाही सांगितलं. कॅसेट खोचली आणि बटण दाबलं.

घुबड आलं. मागं लाल दरवाजा. वर कोपऱ्यात दिवे. मी बोट लावून मोजले. सहा.

गजानन उठून उभा राहिला. "पाह्यलं ताई? म्या म्हटलं होतं न."

मंगेश खाली पाहत होता. लहान पोरासारखे कान लाल झालेले.

"वाटणीच्या दिवशी दुपारी," तो म्हणाला, "तुमी सारे तहसीलमधी गेल्ते. मशीन तुह्याकडं जाणार होतं. म्हटलं एकडाव पाहू. दरवाज्यापाशी गेलो अन् पडलो. एक दिवा गेला. मंग बंद करून टाकलं. त्याच्यानंतर आजच पाहून राहिलो, दादा."

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू झाली, गेली, तरी गजानन उभाच. मला वाटलं, आता कॅसेट उचलून भिंतीवर मारतो. मी हात जवळ नेऊन ठेवला.

"डावीकडून उडी मारली असशीन," तो म्हणाला.

"हव."

"तुले तवाच सांगतलं होतं. उजवीकडून मार म्हणून."

आणि तो खाली बसला. धाकट्याच्या बाजूच्या स्टुलावर.

सेल त्यांच्यासमोरच बदलला. युक्ती साधी असते. जुना काढायच्या आधी बाहेरून दोन तारांनी पुरवठा द्यायचा, म्हणजे आठवण तुटत नाही. तो पुरवठा मी लाइटीवरून देत नाही, दोन पेन्सिल सेलवरून देते, कारण आमची लाइट नेमकी अशा वेळी जाते. गेलीच. मंगेशनं मोबाईलचा टॉर्च धरला, गजाननने तारा. थोरल्याकडची एक तार सरकायला लागली. "नीट धर न," धाकटा म्हणाला. नवा सेल बसला. लाइट आली, मशीन लावलं. सहा दिवे.

मग खरी अडचण आली. दोन्ही वस्तू न्यायच्या कुणी? एकमेकांवर एवढा विश्वास अजून बसला नव्हता. म्हणून त्या माझ्याकडेच राहिल्या. महिन्यातून एका रविवारी दोघं येतात, एक भातकुलीहून, एक अकोल्याहून. कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात, माझा चहा पितात आणि खेळतात. बांधाचं काय झालं, मी विचारत नाही. मागच्या वेळी मात्र गजाननने तुरीची डाळ आणली होती आणि त्यात मंगेशची वेगळी पिशवी होती.

नवा गेम आला. मंगेशनं घेतलासुद्धा, त्याचं पाकीट अजून फोडलेलं नाही. आधी जुना संपू दे, म्हणतात. जुना काही संपत नाही. दिवे कमी झाले की मागच्या जंगलात जाऊन परत गोळा करून आणतात, सात करतात, पुन्हा दरवाज्यापाशी येतात, पुन्हा पडतात. आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत माझ्या गल्लीतलं कुत्रंही त्या दरवाज्यातून आत गेलं असतं.

मला संशय होताच. गेल्या रविवारी मी काम बाजूला ठेवून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. खेळायचा रिमोट गजाननकडे होता. घुबड दरवाज्यापाशी आलं, थांबलं. त्यानं उडी मारली, ती डावीकडे.

"कसं काय पडलं?" मी विचारलं.

"कोणाले माईत," तो म्हणाला. "आपोआप पडलं."

मंगेशनं मान हलवून दुजोरा दिला आणि रिमोट घेतला. मी टेबलाशी परत आले. गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. हरेक वेळी ते पकडायलाच पाहिजे असं नाही, एवढं मात्र मी या वयात शिकले.