सुनेसाठी आयरान

मुलाचा निकाह आम्ही मोबाइलवर पाहिला. जर्मनीचा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून सौदीतल्या जुबैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं नवरा-बायको सोफ्यावर नटूनथटून बसलो. मी जरीची साडी नेसले होते. कुणाला दाखवायला, अल्ला जाणे. नेमकं ‘कुबूल है’ म्हणताना चित्र अडकलं. नंतर तिकडच्या सगळ्यांनी हात हलवले, आम्हीही हलवले आणि फोन बंद झाला. हे कपडे बदलून आले. मी दोघांपुरता भात टाकला.

सून तुर्की. जन्म जर्मनीतला, आईबाप तुर्कस्तानातले. श्रीवर्धनच्या नातेवाइकांनी फोन करकरून विचारलं, आपल्याकडे काय पोरी संपल्या होत्या? त्यांना मी उडवून लावलं. मग काही महिन्यांनी मुलाचा फोन आला, की दोघं मक्केला उमऱ्याला येतायत आणि तिथून तीन दिवस आमच्याकडे राहणार. त्या दिवसापासून मी आयरानच्या मागे लागले. तुर्की माणसाचं जेवण आयरानशिवाय होत नाही, असं ह्यांनी कुठूनसं ऐकून आणलं होतं.

मला वाटलं, त्यात काय, ताकच की! तिथंच फसले. आपण दही घुसळून लोणी काढतो आणि उरलेलं पितो. तुर्कांचं दही सायीसकट फेटायचं, बर्फाचं पाणी, मीठ, खलास. आलं नाही, मिरची नाही. वर फेस मात्र ग्लासाच्या काठापर्यंत हवा. पहिल्यांदा मिक्सर जास्त फिरला आणि लोण्याचे गोळे वर आले. दुसऱ्यांदा हाताला कोण सांगणार, तो सवयीनं जिऱ्याच्या डब्यात गेला. मग रवी काढली, तर फेस आला, पण ग्लासात ओतेस्तोवर बसला. दही घट्ट लागलेलं हवं आणि ओतायचं उंचावरून, हे कळेपर्यंत माझे हात भरून आले.

हे रास अल खैरच्या प्लांटवर कामाला. कंपनीची बस पहाटे नेते, अंधार पडल्यावर आणून सोडते. मधला सबंध दिवस माझा एकटीचा. शेजारी कोण राहतं हे मला दारातल्या चपलांवरून कळतं, इतकीच ओळख. बिघडलेलं आयरान मीच प्यायचे, चांगलं झालेलंही मीच. एकदा मोठ्यानं विचारलं, कसं झालंय? आणि मीच म्हणाले, मीठ कमी आहे. मग लाज वाटली आणि उगाच टीव्ही लावला.

हे संध्याकाळी येऊन चिडवायचे. दुकानात लबनच्या, तयार ताकाच्या, बाटल्या मिळतात, त्यातलंच ओत, तिला काय कळतंय! मी म्हणायचे, तुम्हाला चहा आणि काढा यातला फरक कळत नाही, तुम्ही गप्प बसा.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ही धडपड सुनेसाठी नव्हतीच. मुलगा तुटेल, ही धास्ती होती. शाळेत असल्यापासून मी मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण आता दर शुक्रवारचा फोन ‘ऑल गुड, अम्मी’वर येऊन थांबायचा. मला वाटायचं, त्याला धरून ठेवायचं तर आधी तिला धरायला हवं.

बेत ठरला होता. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी पापलेटचं नारळाच्या रसातलं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी कबाब आणि आयरान. दोन्ही एका जेवणात नाही, कारण मासळीवर दही-ताक आमच्या घरात कुणी घेत नाही. सासूबाई म्हणायच्या, अंगावर कोड उठतं. खरं-खोटं कुणी पाहिलंय, पण मुलालाही मी तेच सांगत वाढवलं.

आणि मक्केहून फोन आला. सुनेची रजा कमी झाली होती. ती दोघं दुपारी येणार आणि संध्याकाळी दम्मामहून विमान धरणार. म्हणजे एकच जेवण. हे म्हणाले, मासे कर. मी ऐकलं नाही. मुलगा समजून घेईल, म्हटलं, आणि साफ केलेली पापलेटं फ्रीजरमध्ये टाकली.

सून आली ती त्यांच्या रीतीनं माझा हात ओठांना आणि मग कपाळाला लावूनच. मी इतकी गडबडले की हात मागेच घेतला. पोरगी गोड होती. आयरानचा फेस पाहून हसली, सगळा ग्लास प्याली. त्यांच्याकडे घरी कुणी करत नाही म्हणे, दुकानातल्या डब्यातलंच पितात. मुलानंही एका दमात संपवलं. मला धन्य वाटलं.

मग तिनं अगदी अदबीनं विचारलं, मासे नंतर येणार का? विमानात तो त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होता, म्हणाली. तिला त्यानं विमानातलं काही खाऊसुद्धा दिलं नव्हतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो ताटात पाहत कबाबचे तुकडे करत होता. म्हणाला, “इट्स ओके, अम्मी.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कालवण राहू दे, तळून तरी देते म्हणत पापलेटं पाण्यात सोडायला घेतली. तो मागोमाग आला. माझ्या हातातली पिशवी काढून त्यानं परत फ्रीजरमध्ये ठेवली आणि मराठीत म्हणाला,

“अम्मी, ताक प्यालोय ना मी. आता कसे खाऊ?”

थट्टेनं नाही, खरंच विचारत होता. तिकडे जर्मनीत त्याला कोण बघत होतं? तरी माझं सांगणं तो अजून पाळत होता.

टॅक्सी दम्मामच्या रस्त्याला लागली तेव्हा हे म्हणाले, पोरगी गुणाची आहे. मी हो म्हटलं. वर येऊन ग्लास विसळायला घेतले आणि रडू आवरेना. ज्याला मी गमावलंच असं धरून चालले होते, तो आईच्या हातचं जेवायला आला होता, आणि मी त्याला पाहुण्यासारखं वाढलं.