वळणाबाहेरची जागा

इनास सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पायाने रेघ पुसत होते. वसईजवळ कळंबला सुरूच्या झाडांमागे विलासशेठचं मोठं मोकळं रान होतं आणि त्यावर फक्कीने आखलेली पांढरी वळणं एकमेकांत गुंतून पडली होती. साठीला आलेला एक उंच, किंचित पोक काढलेला माणूस डोक्याला टॉवेल बांधून त्यातल्या एका वळणावरून चालत जायचा, मध्येच थांबायचा, तोंडाने ‘च्च’ करायचा आणि चपलेने ती रेघ मातीत मिसळून टाकायचा. मग फक्कीचा डबा उचलून हातभर अंतरावर नवी रेघ. मी जवळ जाऊन म्हटलं, “सर, मी साइट इंजिनिअर. आज जॉइन झाले.”

त्यांनी मान वर केली नाही. “मग तिथे उभी राहू नको, बाय. तुझ्या अंगावर गाडी येईल.”

चारी बाजूंना चिटपाखरू नव्हतं. गाडी तर सोडाच, बैलगाडीसुद्धा नव्हती. तरीही मी बाजूला झाले. त्या दिवसापासून पुढचं दीड वर्ष त्या माणसाने मला असंच न दिसणाऱ्या गाड्यांच्या वाटेतून बाजूला केलं आणि माझं डोकं उठवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी विरारला मनवेलपाड्यात राहायचे, डिप्लोमा होऊन वर्ष झालं होतं आणि पहिलीच नोकरी ही. विलासशेठची कळंबला किनाऱ्याजवळ सात-आठ कॉटेजेस होती. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी त्यांच्या पोरांनी गो-कार्ट चालवल्या होत्या. जमिनीला टेकलेल्या, बिनछपराच्या, छोट्या इंजिनाच्या त्या गाड्या पाहून शेठना वाटलं, आपल्याकडेही हे पाहिजे. पण ट्रॅक बनवणार कोण? तेव्हा कोणीतरी वसईतल्या सांडोर गावच्या इनास परेरांचं नाव सांगितलं. सरांनी आखातात अर्धं आयुष्य रस्त्यांची ड्रॉइंग्ज काढण्यात घालवलं होतं आणि एकदा त्यांच्या कंपनीने एका श्रीमंतासाठी कार्टचा ट्रॅक बांधला होता. “तेवढं एकच वर्ष कामावर जायला मला उशीर झाला नाही,” ते सांगायचे. “रस्ता माणसाला घरी नेतो, म्हणून तो कसाही असला तरी माणूस चालवून घेतो. हा कुठेच नेत नाही. मग हा तरी नीट नको?”

शेठची पहिली मागणी अशी की, ट्रॅक त्यांच्या आईच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या आकाराचा हवा. आईचं नाव क्षमा. सरांनी तो कागद उभा-आडवा करून पाहिला.

“शेठ, हे अक्षर दिसणार कोणाला?”

“वरून दिसेल ना, सर.”

“वरून कोण बघणार? कावळे?”

शेठ दुखावले. तीन आठवडे काम बंद. मग मीच दोघांच्या मध्ये फेऱ्या मारल्या. शेठना म्हटलं, प्रवेशद्वारावर आईचं नाव मोठं लिहू. सरांना म्हटलं, तुम्ही निदान कावळे तरी म्हणू नका. ते म्हणाले, “मग काय म्हणू? घारी?”

त्यांचा हा स्वभाव सगळ्यांना जड जायचा. डांबराचा कंत्राटदार तर त्यांचं नाव काढलं की विडी विझवून उठायचा. त्या बिचाऱ्याने आयुष्यभर गावचे रस्ते केलेले. त्याने सवयीने ट्रॅकही तसाच केला, मधे उंच आणि दोन्ही कडांना उतार. रविवारचा चर्चमधला मिस्सा आटोपून सर थेट साइटवर आले, इस्त्रीच्या पँटवर तसेच जमिनीवर आडवे झाले आणि डांबराला गाल लावून लांबवर बघत राहिले. उठले तेव्हा गालाला खडी चिकटलेली.

“कशाला केलंस रे हे?”

“साहेब, पानी जायला पायजे ना?”

“पाणी जाईल रे, पण गाडीही जाईल त्याच्याबरोबर! वळणावर बाहेरची कड वर पाहिजे. एकच उतार, आतल्या बाजूला. मी कागदावर बाण काढून दिले होते. ते काय नक्षी म्हणून काढले?”

वळणं उखडली. कंत्राटदार आठ दिवस रुसून बसला, शेठ माझ्यावर ओरडले आणि नव्याने डांबर टाकायच्या आत पावसाळ्याने साइट बंद केली. त्या चार महिन्यांत मी सरांना मनातल्या मनात किती बोलले असेन! हातभर इकडे, वीतभर तिकडे. पोरं येणार, दहा मिनिटं हुंदडणार, वडापाव खाऊन घरी जाणार. त्यासाठी एवढं काय?

एकदा हेच मी सांडोरला त्यांच्या घरी बोलून गेले. केळीच्या बागेत बैठं कौलारू घर, ओट्यावर त्यांच्या पत्नी सिसिलमावशी भाजी निवडत होत्या. त्या लगेच माझ्या बाजूने झाल्या. “मोरीतला नळ वर्सभर गळतोय, बाय. त्याला बोट लावला नाय यांनी. आनी तिकडे कळंबला जाऊन जमिनीवर लोळतात.”

सर हसले नाहीत. म्हणाले, “गळका नळ कोणाला मारत नाही.” मग माझ्याकडे वळून सांगू लागले, “हे बघ. इथे येणारा माणूस गाडी चालवायला शिकलेला नसणार. तो चुकणार. चुकायलाच तो पैसे देऊन येणार, त्यातच मजा आहे. मग चुकल्यावर त्याला जायला जागा पाहिजे की नको? ट्रॅक म्हणजे ते डांबर नव्हे. ट्रॅक म्हणजे डांबराच्या बाहेरची जागा. डांबर कोणीही टाकतो.”

त्यांच्या नकाशात ही जागा सगळ्यात जास्त होती ती शेवटच्या वळणावर. लांब सरळ पट्टा संपून गाडी समुद्राच्या बाजूला वळायची तिथे, बाहेरच्या अंगाला तीस फूट वाळू आणि गवत, आणि त्यापलीकडे जुन्या टायरांची भिंत. हे टायर आम्ही वसईपासून विरारपर्यंतच्या पंक्चरवाल्यांकडून गोळा केले होते. प्रत्येकाला खालून भोक पाडायला सरांनी लावलं, कारण आत पाणी साचलं तर डास होतील आणि गावकरी ओरडतील. मग ते एकमेकांना बोल्टने आवळून उभे केले. टायर सुटे ठेवून चालत नाही, हे मी तेव्हा शिकले.

ट्रॅक उभा राहिला. खरंच देखणा झाला होता. आणि मग शेठ एका संध्याकाळी त्या शेवटच्या वळणाबाहेर उभे राहिले, समोर समुद्र, बाजूला ट्रॅक, आणि म्हणाले, “सर, व्ह्यू बघा इथून! इथे टेबलं लावू. पावभाजी, ज्यूस. टायर घ्या पुढे, डांबराच्या कडेला. एवढी जागा फुकट का घालवायची?”

“ती फुकट नाही. ती वापरात आहे.”

“कोण वापरतंय?”

“अजून कोणी नाही.”

शेठ माझ्याकडे बघून हसले. “टेन्शन नाही घ्यायचं, सर. टायर आहेत ना मधे?”

दुसऱ्या दिवशी शेठनी माणसं लावून टायर पुढे आणले. सर आले ते रिक्षातून, पायाशी पोतं. पोत्यात त्यांच्या वाडीतले भोपळे. टायरांच्या मागे, जिथे टेबलं यायची होती तिथे, त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक भोपळा बसवला. मग शेठना बोलावणं धाडलं. सगळा स्टाफ जमला. सरांनी हेल्मेट घातलं, लांब पाय मुडपून कार्टमध्ये कसेबसे मावले आणि दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला लांब पट्ट्यावरून आले आणि वळलेच नाहीत.

मी किंचाळले. गाडी टायरांवर आदळली, टायरांची भिंत अख्खी मागे सरकली, खुर्च्या उडाल्या. एक भोपळा शेठच्या बुटांपाशी येऊन फुटला. मी धावत पोचेपर्यंत सर गाडीतून उठले होते. त्यांनी हेल्मेट काढलं, मान चोळली आणि शेठकडे पाहिलं.

तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग शेठ. मग सगळेच. पांढऱ्या केसांचा म्हातारा, सांडलेल्या भोपळ्याच्या बिया आणि उलटी पडलेली खुर्ची, हसण्यासारखं होतंच ते. “सर, तुम्ही एक नंबर आहात!” शेठ डोळे पुसत म्हणाले. उरलेल्या भोपळ्यांची स्टाफने दुपारी भाजी केली. सरांनाही आग्रहाने वाढली. ते जेवले नाहीत.

“विचार करतो,” शेठ म्हणाले होते. त्यांनी विचार केला आणि टायरांच्या मागे लोखंडी रेलिंग बसवलं, पिवळं-काळं रंगवलेलं. रेलिंगला लागून टेबलं आणि छत्र्या. सरांनी ते पाहिलं त्या दिवशी ते ओरडले नाहीत, कावळ्यांविषयी काही बोलले नाहीत. “आमसा काम संपला,” एवढंच म्हणाले. ते घरच्या बोलीत बोलले, म्हणजे माझ्याशी बोलत नव्हतेच. उद्घाटनाच्या पाटीवरून आपलं नाव काढा, असा त्यांनी निरोप धाडला. पेंटरने नावावर पिवळा रंग फासला आणि तिथे एक फूल काढलं.

मी नोकरी सोडली नाही. सोडता आली नसती; ट्रॅक सुरू झाल्यावर शेठनी मला तिथेच देखरेखीला ठेवलं होतं. पण शनिवार-रविवारी सकाळी गेल्या गेल्या मी टेबलं मागे ओढून घ्यायला लावायचे, पार ज्यूसच्या काउंटरला टेकतील अशी. शेठ दुपारी आले की ती पुढे आणायला लावायचे. “अगं, व्ह्यू दिसला पाहिजे पब्लिकला!” ते गेले की मी पुन्हा मागे. वेटर माझ्यावर वैतागायचे. सगळा सीझन हाच खेळ. मला कधीकधी वाटायचं, इनास सर वाडीत केळींना पाणी घालत बसलेत आणि त्यांचा हट्ट मात्र माझ्या गळ्यात टाकून गेलेत.

दुसऱ्या सीझनला एका रविवारी कॉलेजची पोरं आली होती. त्यातल्या एकाचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला. शेवटच्या वळणावर गाडी सरळ गेली, टायर मागे रेटले गेले, पिवळं-काळं रेलिंग टेबलांच्या बाजूला वाकलं आणि हातभर सरकून थांबलं. टेबल तिथे असतं तर ते रेलिंग त्याच्यापाशी बसलेल्या माणसाच्या बरगड्यांत गेलं असतं. पण शेठ त्या दिवशी अजून यायचे होते, त्यामुळे टेबलं मागे होती. पोराचं कोपर खरचटलं, बस्स.

शेठ आले, रेलिंगवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघितलं? रेलिंग होतं म्हणून वाचलं!” आणि त्याच्याच मागे आणखी एक रेलिंग लावायची ऑर्डर दिली.

मी त्याच संध्याकाळी सांडोरला गेले. रागाच्या भरात जे झालं ते सांगून टाकलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“पोराला लागलं का?”

“कोपर खरचटलं.”

“आणि टेबलांवर?”

“कोणी नव्हतं. मी मागे घेतली होती.”

त्यांनी मान वर केली. “रोज घेतेस?”

“शनिवार-रविवार.” त्यांनी मान डोलावली.

“सर, पण तो शेठ रेलिंगचं कौतुक करतोय!” मी जवळजवळ रडत म्हणाले. “तुमचं बरोबर होतं हे कोणालाच कळलं नाही!”

“कळायला कोणीतरी मरायला पाहिजे होतं, बाय,” ते म्हणाले. “नको कळू दे.” आणि सिसिलमावशींना हाक मारून त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं.

पुढच्या वर्षी ते गेले, झोपेतच. सांडोरच्या चर्चमध्ये प्रवचनात त्यांच्या आखातातल्या नोकरीचा आणि केळीच्या बागेचा उल्लेख झाला. ट्रॅकचा झाला नाही. शेठ आले नाहीत, त्यांना कोणी कळवलंही नव्हतं.

नव्याची नवलाई ओसरल्यावर कळंबचा ट्रॅकही बंद पडला. शेठनी तिथे लग्नाचा लॉन करायचं ठरवलं आणि डांबर उखडायला मशीन मागवलं. देखरेखीला मीच. एका दिवसाचं काम, असं मशीनवाला म्हणाला होता. दुपारपर्यंत त्याने कडेचे तुकडे काढले आणि शेवटच्या वळणावर येऊन अडला. दात लावायचा, इंजिन गुरगुरायचं, मशीन मागून उचललं जायचं, डांबर जागचं हलायचं नाही. तो खाली उतरून वाकून बघायला लागला.

“मॅडम, याच्या खाली किती खडी भरलीय? हे काय विमान उतरवायला केलं होतं का?”

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. मशीनचा दात तुटून पडलेला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. “तो परेरा!” ते ओरडले. “मेला तरी ऐकत नाही माणूस!”

मी एक खुर्ची सावलीत ओढली आणि मशीनवाला नवा दात बसवेपर्यंत तिथेच बसून राहिले.