पाइपमधली कोथिंबीर

आज अंगणात उरलेल्या प्लास्टिकच्या पाइपला तापलेल्या सळईने भोकं पाडत होतो. जळक्या प्लास्टिकचा उग्र वास नाकात शिरला आणि पोशेऱ्यातलं आमचं घर आठवलं.

तेव्हा गावात नळाचं काम चालू होतं. रस्त्याकडेला टाकून दिलेला पाइपचा तुकडा आईने उचलून आणला. चुलीत विळा तापवून पाइपला भोकं पाडली, माती भरली, धणे पेरले आणि तो कुडाच्या भिंतीला उंचावर आडवा बांधला. तिथे कोंबड्या पोचत नव्हत्या, त्यामुळे कोथिंबीर छान तरारली. शेजारच्या बायका कौतुकाने बघायला यायच्या.

एकदा त्या आलेल्या असतानाच ठेकेदाराचा माणूस दारात आला.

"हा पाइप कुणाला विचारून आणला?"

"टाकेल होता, म्हणून आणला," आई म्हणाली.

"चोर असंच सांगतात. रिकामा कर."

आईने पाइप कुडावरून सोडवला. एकेक रोप मुळासकट काढून तिने ओच्यात ठेवलं. बायका गुपचूप निघून गेल्या. माझी कानशिलं तापली होती. आईकडे बघवत नव्हतं.

माणूस पाइप घेऊन गेला आणि पुढच्या वळणावर त्याने तो ओहोळात भिरकावून दिला. भोकं पडलेला पाइप त्याच्या कामाचा नव्हताच.

पाऊस लागेपर्यंत तो तिथेच पडून होता. आमच्यातलं कुणी आणायला गेलं नाही. पाण्याला जाताना आई त्या वळणावर तोंड फिरवायची, तिच्यामागून मीही.

लाज त्या माणसाला वाटायला हवी होती, हे आता कळतं. तरी ते आठवलं की मान माझीच खाली जाते.