मामंजींच्या कादंबऱ्या

लग्न होऊन मी परतूरला आले तेव्हा सासरच्या माणसांविषयी मला फार थोडं ठाऊक होतं. सासरे वकील आहेत, मुलगा तहसील कचेरीत आहे आणि घरच्या विहिरीला गोडं पाणी आहे, एवढंच माझ्या माहेरी, धावड्याला, बोलणं झालं होतं. मामंजींना कादंबऱ्यांचं वेड आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी निघताना एवढी रडले नसते.

धावड्यात पुस्तक म्हणजे पोथी, नाहीतर पंचांग. आमच्या ओसरीवर एक पंतोजी मुलांना शिकवायला येत. आईला पोथी ऐकायची फार आवड, पण तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून वडिलांनी मलाही मुलांच्या मागं बसवलं. पोथीमुळं मला मोठ्यानं आणि न अडखळता वाचायची सवय लागली. कादंबरी मात्र मी एकच पाहिली होती, एक पाहुणे आमच्याकडं विसरून गेले होते ती. ती मी इतक्यांदा वाचली की तिची शिवण उसवली, आणि मग मी ती गोधडीच्या दोऱ्यानं शिवली.

मामंजींचा दिवस उर्दूत जायचा. आमच्याकडं निजामाचं राज्य, त्यामुळं अर्ज उर्दूत, मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, उर्दूत, फैसले उर्दूत. संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले की ते बैठकीत तक्क्याला टेकून मराठी कादंबरी उघडत. दिवसभर लोकांची भांडणं वाचतो, निदान ही भांडणं तरी नीट लिहिलेली असतात, असं म्हणत. महिन्यातून एकदा कामासाठी जालन्याला जाणं होई, तेव्हा तिथल्या वाचनालयातून ते पुस्तकं बदलून आणत.

ती पुस्तकं बैठकीतल्या कोनाड्यात असायची, आणि बैठकीत सुनांनी जायचं नसे. सकाळी झाडायला तेवढं जाता येई. मामंजी कचेरीला गेले की मी केरसुणी घेऊन जायची आणि एका हातात केरसुणी तशीच ठेवून उभ्यानं वाचायची. एक दिवस सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. केरसुणी माझ्या हातातून घेतली, राहिलेला कोपरा स्वतः झाडला आणि चुलीवर दूध आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस झाडायला त्याच जायच्या.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामंजींचे डोळे अधू झाले. आधी त्यांनी दिव्याला दोष दिला, मग तेलाला, मग छापखान्याला. आजकाल अक्षरं फिकी छापतात, असं ते म्हणायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण पिकायला वेळ लागेल, तोवर थांबावं लागेल. कचेरीतलं काम कारकून वाचून दाखवायचा. कादंबरी कोण वाचणार?

पहिल्यांदा आमच्या ह्यांनी प्रयत्न केला. ह्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. बोलायला मराठी, पण वाचायला बसले की एकेक अक्षर जोडत जायचे. नायिका खिडकीपर्यंत पोचायला अर्धी संध्याकाळ लागायची. मामंजी ऐकत बसत, पण मी स्वयंपाकघरातून बघायची, त्यांची बोटं मांडीवर अस्वस्थ वाजत असायची.

एके दिवशी एका जोडाक्षरावर हे थांबले ते थांबलेच. मी भाजी निवडत होते. मला तो शब्द ठाऊक होता, कारण ते पान मी केरसुणी हातात धरून वाचलेलं होतं. माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला, जरा मोठ्यानंच. सासऱ्यांसमोर सुनेनं आवाज काढायचा नसतो, आणि मी तर त्यांच्या पुस्तकात बोलले होते.

मामंजींनी सासूबाईंना हाक मारली. तेव्हा ते माझ्याशी थेट बोलत नसत, जे काही सांगायचं ते सासूबाईंच्या मार्फत.

“सूनबाईला वाचता येतं का?”

“तिला रोज पोथी वाचायची सवय हाय म्हणं,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग पुढचं तिला वाचू द्या. दाराच्या आत बसून वाचलं तरी मला बराबर ऐकू येईल.”

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. पण आंधळ्या होत चाललेल्या नवऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी एक तोड काढली. मी माजघरात दाराच्या आत बसायचं, मामंजी बैठकीत दाराच्या बाहेर, आणि उंबऱ्यावर मधोमध त्या स्वतः सूप घेऊन बसतील. अशा रीतीनं आमचं वाचन सुरू झालं. दिवेलागण झाली की मी कंदिलाची काच पुसायची, सासूबाई सुपात ज्वारी घ्यायच्या आणि मामंजी खाकरून सांगायचे की तयार आहे.

पहिले काही दिवस माझा आवाज पोथीसारखाच लागायचा. मग गोष्टीत शिरल्यावर तो मोकळा झाला. मोकळा झाला तशी एक अडचण आली. कादंबरीत नायक-नायिका बागेत एकटे भेटले. सासरे पलीकडं, सासू समोर, आणि ते दोघं बागेत. माझे कान तापले. मी दोन पानं एकदम उलटली आणि नायक गावाला निघाला तिथून पुढं वाचू लागले.

मामंजी खाकरले. मग सासूबाईंना म्हणाले, “हा आत्ता तर बागेत आल्ता. एवढ्यात गावाला कसा गेला?”

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं.

“पानं चिकटली असतील,” त्या म्हणाल्या.

“सूनबाईला सांगा, मी वकील आहे. अर्धी साक्ष ऐकून फैसला होत न्हाई. आणि लिहिणाऱ्यानं लिहिलंय, तिनं न्हाई.”

मी ती दोन पानं उघडून वाचली. वाऱ्याच्या वेगानं वाचली, स्वल्पविराम, पूर्णविराम काही पाळले नाहीत. वाचून झाल्यावर पाहिलं तर सासूबाई सुपात नुसतीच बोटं फिरवत होत्या.

जालन्याहून पुस्तकं आणायचं काम ह्यांच्याकडं आलं. ह्यांना कादंबरीतलं कळत नसे, जाडी बघून आणत. एकदा शेतीचं पुस्तक आलं. एकदा जी कादंबरी परत केली होती तीच पुढच्या खेपेला पुन्हा आली. त्या दिवशी मामंजींनी ठरवलं की पुढच्या वेळी आपण स्वतः जायचं आणि सूनबाईनं बरोबर यायचं, कारण त्यांना पुस्तकांची नावं दिसत नाहीत. सासूबाई म्हणाल्या की लोक काय म्हणतील. मामंजी म्हणाले, तुम्हीही चला. त्या आल्या.

आगगाडीत बायकांच्या डब्यात आम्ही दोघी बसलो आणि पुरुषांच्या डब्यात हे आणि मामंजी. जालना आलं तेव्हा सासूबाईंनी माझा पदर नीट केला आणि मुकाट्यानं चालायचं म्हणून बजावलं.

वाचनालय पेठेत एका कापड-दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना खालच्या कोऱ्या कापडाचा वास मागं पडत गेला आणि पुस्तकांचा सुरू झाला. वर एका लांब टेबलाशी पाचसहा पुरुष वर्तमानपत्रं वाचत होते. आम्हा दोघी बायकांना पाहून त्यांनी पानं जरा वर धरली. भिंतीला चार कपाटं होती. मला अजून आठवतं, मी त्या कपाटांसमोर उभी राहिले आणि पुस्तकं मोजायला लागले. जगात इतक्या कादंबऱ्या असतील असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटायचं, मामंजींच्या कोनाड्यात येतात तेवढ्याच असतात.

तिथले व्यवस्थापक वयस्कर होते. त्यांनी मामंजींना बसायला खुर्ची दिली आणि कोणतं पुस्तक काढू म्हणून विचारलं.

“सूनबाई निवडेल,” मामंजी म्हणाले.

व्यवस्थापकांनी कपाटाची किल्ली लावली आणि बाजूला झाले. मी एकेक पुस्तक काढून पहिलं पान वाचायची आणि ठेवायची. कुणी घाई केली नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, जिच्यात सासू वाईट न्हाई अशी एखादी बघ. मला हसू आलं, पण तशी शोधायला फार वेळ लागला.

पुढं मामंजींचा मोतीबिंदू पिकला आणि औरंगाबादच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. तिथं त्यांना उताणं निजवून ठेवलं होतं, डोकंही हलवायचं नाही. तेव्हा सासूबाई त्यांच्याजवळ राहिल्या आणि मी घर सांभाळलं. डोळे बरे झाल्यावर चष्म्यासाठी पुन्हा जायचं होतं, त्या वेळी मात्र मलाही नेलं.

चष्मा जाड भिंगांचा होता. तो लावून मामंजी दवाखान्याच्या पायरीवर आले आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचू लागले. उर्दू वाचली, मराठी वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. टांग्यात बसल्यावरही त्यांचं तेच चाललं होतं. वाटेत एक पुस्तकांचं दुकान लागलं. शाळेची पुस्तकं, पाट्या, दौती असं सगळं होतं, आणि आत एका फळीवर कादंबऱ्या. मामंजींनी टांगा थांबवला.

दुकानात ते फळीजवळ गेले आणि एकेका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचत सरकले. मी सासूबाईंच्या मागं दाराशी उभी होते. अचानक ते वळले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “तुला कोणतं पाहिजे?”

मध्ये सासूबाई होत्या, पण त्यांनी विचारलं ते मला. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी बोटानंच एक दाखवलं. ते त्यांनी घेतलं, चष्म्याशी नेऊन पहिलं पान वाचलं आणि माझ्या हातात दिलं. विकत घेतलेली, कुणाला परत करायची नाही अशी ती माझी पहिली कादंबरी.

घरी आलो आणि वाचन बंद पडलं. बंद पडणारच. मामंजींना आता दिसत होतं. संध्याकाळी ते तक्क्याला टेकत आणि स्वतःच वाचत. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण दिवेलागण झाली की कंदिलाची काच पुसून झाल्यावर मला काही सुचायचं नाही. मी उगीच डबे घासायची. माझी विकतची कादंबरी मी दोनदा वाचली, पण एकटीनं मनात वाचताना काहीतरी कमीच वाटायचं.

असे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी सासूबाई सूप घेऊन उंबऱ्यावर येऊन बसल्या. सुपात ज्वारी होती की नव्हती मला आठवत नाही.

“तुम्ही एकलेच वाचून राह्यले,” त्या मामंजींना म्हणाल्या. “त्यात काय झालं ते आम्हाला कसं कळावं?”

मामंजींनी कथानक थोडक्यात सांगितलं. सासूबाईंचं समाधान झालं नाही. मग ते म्हणाले, वाचून दाखवतो, आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इतकी वर्षं त्यांनी अदालतीत कागद वाचले होते. नायिकेचा बाप वारला तेही त्यांनी त्याच एका सुरात वाचलं, आणि तिनं हंबरडा फोडला तेही.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “हे काय, मिसल वाचून राह्यले का? राहू द्या. तिला द्या ते.”

मामंजींनी पुस्तक मिटलं नाही. पानात बोट ठेवून तसंच पुढं केलं. सासूबाईंनी ते घेऊन माझ्याकडं दिलं आणि बोट होतं तिथून मी वाचू लागले. नायिका रडायला लागली तेव्हा सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामंजी चष्मा काढून ऐकत होते.

त्यानंतर घरात एक वेगळीच रीत पडली. मामंजी पुस्तक आधी स्वतः वाचत आणि मग संध्याकाळी मी वाचायची, म्हणजे त्यांना पुढचं ठाऊक असे आणि आम्हाला नाही. मी एखाद्या पात्राविषयी चांगलं बोलले की ते म्हणायचे, थांब, अजून त्याची उलटतपासणी व्हायची आहे. ते थेट बोलत आणि मीही थेट उत्तर देत असे. शेजारच्या दोघी-तिघी येऊन माजघरात बसू लागल्या. केदारखेड्याला दिलेली माझी नणंद माहेरपणाला आली की दिवस मोजत नसे, कादंबरी संपली का ते बघून परत जाई.

पुढं काही वर्षांनी मामंजींनी वाचनालयात माझ्या नावानं वर्गणी भरली. ते म्हणाले, “आता माझं वय झालं, खेपा होत नाहीत, पुस्तकं हिच्या नावावर बराबर मिळतील.” निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षात दंगेधोपे फार वाढले, गाड्यांचा नेम राहिला नाही, तेव्हा वाचनालय बंद राहिलं आणि आम्ही घरात होती तीच पुस्तकं फिरून फिरून वाचली. मामंजी त्या हिवाळ्यात गेले.

गाड्या नीट सुरू झाल्यावर मी जालन्याला गेले. सासूबाईंना गुडघ्यांमुळं येववत नव्हतं. त्यांनी त्यांच्यासाठी काय आणायचं ते सांगितलं होतं, रडायला लावणारी नको, आता पुरे झालं रडणं. वर जिन्याशी व्यवस्थापक दुसरे होते, तरुण. त्यांनी कपाट उघडून दिलं. सासूबाईंसाठी मी एक हसवणारी कादंबरी काढली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि दुसरं एक पुस्तक काढलं, प्रवासवर्णन. आमच्या घरात त्याला कुणी हात लावला नसता. मामंजींना प्रवासवर्णनं आवडत नसत, त्यात साक्षीदार एकच असतो म्हणत. मला मात्र ते पहिल्या पानापासून आवडलं, आणि परतूर येईपर्यंत मी ते गाडीत वाचत होते.